बारा व्होल्टचा विंच, ११८ किलोचं इंजिन आणि आमचं पत्र्याचं शेड

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा. ऐकलं असेल त्यांनीही आकड्यांचा भाग शेडमध्ये जाण्याआधी एकदा नजरेखालून घाला.)

आज मागं पंख्याचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलोय आणि सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं माझ्याच्यानं होत नाही.

मागच्या महिन्यात एक रील टाकली होती. इंजिन हळूहळू वर जातंय, मी रिमोट दाबतोय, बस. त्यावर मेसेजचा पाऊस. "भाऊ, गाडीचा १२ व्होल्टचा विंच घरात कसा चालवला?" "कुठला अडॅप्टर लावला?" "जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय चालेल का?" सगळ्यांना एकेक उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एक अख्खा भागच करू. पण आधीच सांगतो. त्या रीलमध्ये जे दिसलं नाही, ते आज सांगणार आहे. कारण रीलच्या आधी सहा महिने याच शेडमध्ये तेच इंजिन खाली पडलं होतं, आणि पडायच्या जेमतेम दोन-तीन सेकंद आधी माझे वडील तिथून बाजूला झाले होते.

आधी थोडं घरचं. सोलापूर म्हटलं की तुम्हाला चादर आठवते, टॉवेल आठवतो. आम्हाला आधी आठवतो तो मागाचा आवाज. आमच्या अण्णांनी आयुष्यभर पॉवरलूमवर काम केलं. सुताचं भरलेलं बीम मागावर चढवायचं म्हणजे दोन माणसं, चार माणसं, "हां, उचल!" म्हणायचं आणि उचलायचं. तरुणपणी कुणी विचार करत नाही. पन्नाशीला मणका हिशोब मागतो. अण्णांच्या मणक्याची गादी सरकली, डॉक्टरांनी सांगितलं, आता वजन उचलायचं नाही. माग बंद झाले, आणि त्या जागेत मी मोटारी, पाण्याचे पंप, शेतातली जुनी डिझेल इंजिनं दुरुस्त करायला लागलो. गंमत बघा, वजनं तशीच राहिली, उचलणारा माणूस फक्त बदलला. आणि मी एकटा पडलो की अण्णा "मी नुसता हात लावतो" म्हणत पुढं यायचेच.

म्हणून विंच. एका ओळखीच्यानं जीपचा काढून ठेवलेला छोटा विंच दिला. लेबलवर २००० पौंड, म्हणजे साधारण ९०० किलो. माझं इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर घातलं तर ११८ किलो. मी म्हटलं, नऊशेच्या मशीनला एकशे अठरा म्हणजे काहीच नाही. फक्त १२ व्होल्ट कुठून आणायचे एवढाच प्रश्न.

इथंच माझी पहिली चूक झाली. प्रश्न १२ व्होल्टचा नव्हताच. प्रश्न अँपिअरचा होता.

एसएमपीएस का हरतो

दुकानांच्या एलईडी पाट्यांना जाळीच्या डब्यातला एसएमपीएस लावतात ना, तो मी आणला. १२ व्होल्ट, ३० अँपिअर. रिकामा विंच मस्त फिरला. वीस-तीस किलो लावलं, कुरकुरला पण उचललं. इंजिन लावलं आणि सुरू झालं, ढक... ढक... ढक. मोटर एक झटका देते, थांबते, पुन्हा झटका देते. एसएमपीएस बिघडला नव्हता. तो स्वतःला वाचवत होता.

का, ते समजून घ्या. डीसी मोटर फिरत असताना ती स्वतःही उलट दिशेनं थोडं व्होल्टेज तयार करते, आणि तेच करंटला लगाम घालतं. मोटर थांबलेली असते तेव्हा हा लगाम नसतो. तारेचा आणि वाइंडिंगचा जो काय रोध असेल तेवढाच. त्यामुळं सुरुवातीच्या क्षणी करंट चालू अवस्थेपेक्षा कितीतरी पट जास्त लागतो. आपल्याकडं मोटेवर पाणी काढायचे तेव्हाचं कुणा आजोबांना विचारा. भरलेली मोट पाण्यातून सुटेपर्यंत, पहिल्या पावलाला बैलांचा खरा कस लागायचा. एकदा धावेच्या उताराला लागले की चालायचे.

आता आकडे. माझा विंच मिनिटाला साधारण ३ मीटर उचलतो. ११८ किलो त्या वेगानं वर न्यायला प्रत्यक्ष काम किती? वजन गुणिले ९.८ गुणिले सेकंदाचा वेग. उत्तर येतं ६० वॅटच्या आत. एका जुन्या बल्बएवढं! पण मोटर आणि गिअरमध्ये इतकं वाया जातं की माझ्या मीटरवर चालू करंट ३० अँपिअर दिसतो. म्हणजे १२ व्होल्टला ३६० वॅट. एसएमपीएस तिथंच शंभर टक्क्यावर आला. आणि सुरुवातीचा झटका १०० अँपिअरच्या वर. तो बिचारा कुठून देणार?

मीटरवरून आठवलं. वायरमनच्या खिशातला साधा टाँग टेस्टर बहुतेक वेळा फक्त एसी करंट मोजतो. विंचला लावला तर शून्य दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, व्वा, काही घेतच नाही. डीसी मोजणारा टाँग टेस्टर लागतो. घेताना तेवढं बघून घ्या.

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय? तीच गोष्ट, तोही असाच बंद पडेल. दोन एसएमपीएस एकत्र जोडले तर? तशा वापरासाठी बनवलेले नसतील तर दोघं भार सारखा वाटून घेत नाहीत. एक पुढं धावतो, तो बंद पडतो, मग सगळा भार दुसऱ्यावर, तोही बंद. विषय संपला.

मग चूक नंबर दोन

एसएमपीएस हरला म्हणून मी बॅटरीकडं वळलो. विचार बरोबर होता, केलं ते चुकीचं. भारनियमनाच्या दिवसांपासून आपल्याकडं घराघरात इन्व्हर्टर आहे. आमची इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली, शेडपासून पाच मीटरवर. मी घरात पडलेली २.५ स्क्वेअर एमएमची वायर तिथून ओढली. फ्यूज नाही, कट-ऑफ स्विच नाही. मनात काय, तर १२ व्होल्टनं शॉक बसत नाही, मग घाबरायचं कशाला?

त्या संध्याकाळी एक मित्र आला होता. वायर बघून म्हणाला, "काय बे, येवढ्याशा वायरवर इंजिन उचलणार हायस?" मी हसण्यावारी नेलं.

आता हा हिशोब वहीत लिहून घ्या. तांब्याच्या तारेचा रोध काढायचा तर ०.०१७५ ला लांबीनं गुणायचं आणि जाडीनं भागायचं. लांबी मीटरमध्ये, जाडी स्क्वेअर एमएममध्ये. लांबी जाऊन-येऊन धरायची, कारण करंट परतही येतो. पाच मीटर जायचे, पाच यायचे, दहा. ०.०१७५ गुणिले १० भागिले २.५. उत्तर ०.०७ ओहम. दिसायला किती छोटा आकडा!

३० अँपिअर वाहिले की या तारेत २.१ व्होल्ट खर्च. १०० अँपिअर वाहिले की ७ व्होल्ट खर्च. म्हणजे बॅटरीवर १२ आहेत, विंचपाशी पोचतात ५. आणि त्या क्षणी वायरमध्ये ७०० वॅट उष्णता. इस्त्री समजा, फक्त ती भिंतीवरून लोंबकळतेय.

पण मोटर मंद होणं किंवा वायर तापणं हा खरा धोका नाही. खरा धोका दुसराच आहे, आणि हाच आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

विंचच्या डब्यात कॉन्टॅक्टर असतो. तुम्ही रिमोटचं बटण दाबता तेव्हा कॉन्टॅक्टरची छोटी कॉइल दोन जाड तांब्याचे ठोकळे एकमेकांवर दाबते आणि मोटारीला करंट मिळतो. कॉइललाही तेच १२ व्होल्ट हवेत. विंचपाशी ५ व्होल्ट उरले की कॉइल सोडते. सोडलं की करंट थांबतो, व्होल्टेज परत वर येतं, कॉइल पुन्हा ओढते, पुन्हा व्होल्टेज पडतं. सेकंदात कितीतरी वेळा, टर्र्र्र असा आवाज. दरवेळी त्या ठोकळ्यांमध्ये मोठ्या करंटची ठिणगी. वेल्डिंग करताना काय होतं? तेच. दोन ठोकळे एकमेकांना चिकटतात.

आणि चिकटल्यावर? बटण सोडलं तरी विंच थांबत नाही.

आमच्याकडं नेमकं हेच झालं. इंजिन कमरेपर्यंत वर आलं. अण्णा खालून टेबल सरकवायला वाकले होते. मी बटण सोडलं. इंजिन वर जातच राहिलं. मी खालचं बटण दाबलं, काही नाही. ओरडलो, "अण्णा, सरका!" ते टेबल सोडून मागं झाले. हूक वर ड्रमला जाऊन अडकला, मोटर जागच्या जागी गुरगुरायला लागली, वायरचा धूर निघाला. मी जिन्याखाली बॅटरीकडं पळालो, कारण बंद करायला दुसरं काही ठेवलंच नव्हतं. तिथं पोचायच्या आत मागून आवाज आला. वायर रोपच्या टोकाला मी एकच क्लॅम्प लावला होता, तो सुटला. ११८ किलो टेबलावर, टेबलाचे दोन पाय वाकडे आणि फरशीला खड्डा.

कुणाला काही झालं नाही. अण्णा रागावले पण नाहीत. टेबलाकडं बघत एवढंच म्हणाले, "माग होते तेव्हा चार माणसं होती. एक जण तरी सोडू नको म्हणून ओरडायचा."

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही, खरं सांगतो. माझ्या मशीनमध्ये ओरडणारं कुणी नव्हतं. फ्यूज नव्हता, स्विच नव्हता, वर गेल्यावर थांबवणारं काही नव्हतं. पॉवर सप्लाय हा एक विषय आणि सुरक्षितता हा दुसरा विषय, असं मी समजत होतो. तसं नाहीये. वायर बारीक होती म्हणून माल पडला.

आता काय लावलंय

आता शेडमध्ये जे आहे ते एकेक सांगतो.

पहिलं, बॅटरी. कारची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, चांगल्या स्थितीतली. ही बनवलेलीच असते इंजिनाचा स्टार्टर फिरवायला, म्हणजे काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायला. इन्व्हर्टरमधून निकामी म्हणून काढलेली बॅटरी वापरू नका. मीटरवर १२.५ दाखवते आणि भार आला की बसते. मग पुन्हा तोच टर्र्र्र.

"पण एवढ्याशा बॅटरीनं किती वेळा उचलणार?" असं वाटतं ना? हिशोब करू. दीड मीटर उचलायला अर्धं मिनिट. ३० अँपिअर, अर्धा मिनिट, म्हणजे पाव अँपिअर-अवर. दहा वेळा उचललं तर अडीच. सुरुवातीचे झटके आणि उतरवणं धरून दुप्पट करा, पाच. पस्तीसपैकी पाच. ५ अँपिअरचा साधा बॅटरी चार्जर ते तास-दीड तासात भरून काढतो.

सोलापूरकरांना हे सांगायची गरजच नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आपण टाकी भरून ठेवतो, आणि आंघोळीला बादली भरताना नळाची धार किती बारीक आहे याची काळजी करत नाही. चार्जर म्हणजे नळ, बॅटरी म्हणजे टाकी. विंचला एका क्षणी भरपूर लागतं, दिवसभरात मात्र फार थोडं लागतं. म्हणून १०० अँपिअरचा महागडा पॉवर सप्लाय शोधत बसू नका. टाकी बांधा. उचलताना चार्जर बंद ठेवा, काम झालं की लावा.

बॅटरीबद्दल दोन गोष्टी अजून. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो ठिणगीनं पेटतो. म्हणून बॅटरी बंद पेटीत नाही, हवेशीर जागी, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात त्या कोपऱ्यापासून लांब. आणि आपल्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. सावलीच्या भिंतीला, जमिनीलगत ठेवा, डिस्टिल्ड वॉटर बघत राहा.

दुसरं, वायर. बॅटरी आता विंचपासून एक मीटरवर. वेल्डिंगची २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. घेताना तांब्याचीच आहे ना बघा, अॅल्युमिनियमचीही मिळते. तोच हिशोब पुन्हा, जाऊन-येऊन २ मीटर, ०.०१७५ गुणिले २ भागिले २५. म्हणजे ०.००१४ ओहम. १०० अँपिअरला फक्त ०.१४ व्होल्ट खर्च. कुठं ७ आणि कुठं ०.१४! टोकांना लग नीट दाबून घ्या, क्रिम्पिंगचं हत्यार असलेल्या दुकानात दाबून मिळतात. हातोडीनं चेपलेला लग म्हणजे पुन्हा बारीक वायर.

तिसरं, फ्यूज. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात १०० अँपिअरचा बोल्टनं बसणारा फ्यूज. फ्यूज विंचच्या बाजूला लावून उपयोग नाही, कारण मधली केबल घासून लोखंडाला लागली तर तिला कोण वाचवणार? आणि हो, १२ व्होल्टनं शॉक बसत नाही हे खरं, पण पाना दोन्ही टोकांना टेकला तर तो लाल होतो. बोटात अंगठी किंवा हातात कडं असेल तर त्याचंही तेच होतं. आधी काढून खिशात ठेवा.

चौथं, कट-ऑफ स्विच. ट्रकला असतो तसा मोठा फिरवायचा बॅटरी स्विच. मी जिथं उभा राहून रिमोट दाबतो तिथं, डाव्या हाताला. कॉन्टॅक्टर चिकटला तर जिन्याकडं पळायचं नाही, हात लांब करून फिरवायचा. अण्णांनी सांगितलेला ओरडणारा माणूस तो हाच. काम नसताना तो बंदच असतो.

पाचवं, वायरवाला रिमोट. वायरलेस रिमोट रीलमध्ये छान दिसतो. पण सेल उतरला, बटण खिशात दाबलं गेलं, तर? वजन उचलताना वायरवालाच. शिवाय वर एक लिमिट स्विच लावलाय. हूक ड्रमपासून एक फूट राहिला की तो वर जाण्याच्या कॉन्टॅक्टरची कॉइल तोडतो. मात्र लक्षात घ्या, कॉन्टॅक्टर चिकटला असेल तर लिमिट स्विचही काही करू शकत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

ज्याला टांगलंय ते

इथं बरेच जण चुकतात. विंच खाली भिंतीला बसवला, रोप वर कप्पीवरून घेतला आणि खाली माल बांधला, तर त्या वरच्या कप्पीवर किती वजन येतं? एका बाजूनं माल ओढतो ११८, दुसऱ्या बाजूनं विंच ओढतो ११८. म्हणजे २३६ किलो. दुप्पट! विंच वरच टांगला आणि रोप सरळ खाली सोडला तर मालाचं वजन अधिक विंचचं वजन, एवढंच.

आपल्याकडं गावात, जुन्या पेठांत माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळया, वर माती. आधीच टनावारी माती डोक्यावर घेऊन उभी असलेली तुळई, तिला इंजिन टांगू नका. पत्र्याच्या शेडचे अँगलही पत्रा पेलायला असतात, इंजिन नाही. मी वेल्डरकडून जमिनीवर उभा राहणारा गर्डरचा स्टँड करून घेतला. विहिरीवर मोटर काढायला तिकाटणं लावतात, ते मजबूत असेल तर तेही चालतं. आणि पहिल्यांदा उचलण्याआधी तो स्टँड माहितीच्या माणसाला दाखवा.

वायर रोपचं टोक पण बघा. आता तीन क्लॅम्प, आणि क्लॅम्पचा खोबणीचा भाग भार येणाऱ्या लांब दोरावर, यू बोल्ट कापलेल्या छोट्या टोकावर. ड्रमवर रोपचे किमान पाच वेढे कायम शिल्लक, कारण रोप ड्रमला धरून ठेवतात ते हे वेढे, तो शेवटचा छोटा स्क्रू नाही.

आणि आता नावडतं सत्य

विंच आणि होइस्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विंच चिखलात रुतलेली गाडी ओढायला बनवलेला असतो. रोप तुटला तर गाडी जागेवर राहते, हे गृहीत धरून. बहुतेक विंचच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की उचलायला वापरू नका. लेबलवरचे ९०० किलो हे ओढण्याचे आहेत, तेही ड्रमवर रोपचा एकच थर असताना. थर वाढले की ताकद कमी होते. विंचला एक क्लचचा दांडा असतो, ड्रम मोकळा करायचा. माल वर असताना त्याला धक्का लागला तर ब्रेकसकट सगळं संपलं. माझ्या विंचवर तो दांडा मी बोल्ट लावून जाम केलाय.

त्यामुळं जे नवीन घेणार आहेत त्यांनी विंच घेऊच नका. एक टनाची हाताची चेन पुली घ्या. वीज नको, बॅटरी नको, भारनियमन असो नसो, साखळी सोडली की माल जागेवर थांबतो. तिच्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३८३२. ते छापलेली घ्या. हात दुखतात म्हणणाऱ्यांना घरच्या २३० व्होल्टवर चालणारा छोटा इलेक्ट्रिक होइस्ट मिळतो, लिमिट स्विच आणि इमर्जन्सी बटण आधीच लागलेला. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा बोर्ड असला की झालं. हिशोब केला तर बॅटरी, केबल, फ्यूज, स्विच, चार्जर धरून माझा "फुकटचा" विंच काही फुकट पडलेला नाही.

मग मी का वापरतो? कारण माझ्याकडं होता, आणि मी त्याच्याकडून लेबलच्या पाव हिश्श्याहून जास्त काम करून घेत नाही. २२५ किलोच्या पुढचं काही आलं की चेन पुली. आणि काही नियम भिंतीवर खडूनं लिहिलेत. वजन आधी काट्यावर, अंदाजानं नाही. आधी वीतभर उचलायचं, कट-ऑफ फिरवायचा आणि बघायचं, ब्रेक धरतो का. मिनिटभर चालवलं की मोटारीला हात लावून बघायचं, तापली असेल तर थंड होऊ द्यायची. मालाखाली हात नाही, पाय नाही, डोकं नाही. टेबल सरकवायचं असेल तर लांब दांड्यानं. आणि विंचवर माल टांगून ठेवायचा नाही, उचलला की लगेच घोडीवर टेकवायचा. काम घोडीवर होतं, विंचवर नाही.

कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात, कलम २९ मध्ये, उचलण्याच्या प्रत्येक साधनाची वर्षातून किमान एकदा जाणकारानं पूर्ण तपासणी करायची आणि किती वजन चालेल ते त्यावर लिहायचं असं होतं. आपल्या घरच्या शेडमध्ये असा कायदा बघायला कुणी येत नाही. म्हणून आपणच करायचं. मी दर दसऱ्याला खंडेनवमीची पूजा झाल्यावर करायची राहिलेली सगळी तपासणी उरकतो. रोपवर चिंधी फिरवली की तुटलेली तार लगेच चिंधीत अडकते. एक जरी अडकली तरी माझ्याकडं रोप बदलला जातो.

अण्णा आता रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. हात लावायला पुढं येत नाहीत. पण मी इंजिन बांधलं आणि रिमोट हातात घेतला की खुर्चीवरूनच विचारतात, "कट-ऑफ जवळ आहे का रे?" आहे म्हटल्याशिवाय ते चहाचा घोट घेत नाहीत.

तर मंडळी, आजच्या पुरतं एवढंच. तुमच्या शेडमध्ये काही टांगलेलं असेल तर आज घरी गेल्यावर दोन गोष्टी बघा. वायरची जाडी किती, आणि बंद करायचा स्विच तुमच्यापासून किती पावलांवर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "एक" सोडून काहीही असेल, तर आधी ते दुरुस्त करा, रील नंतर काढा. प्रश्न असतील तर मेसेज करा, वायरचा फोटो जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा.